निसवलेल्या बागेचं पाणी

शनवारा, बऱ्हाणपूर
शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५

प्रिय गौरव,
अनेक आशीर्वाद.

डायलिसिसच्या बंद पडलेल्या दुसऱ्या मशीनचं सर्किट कार्ड येणार नाही. सकाळी रंजिता सिस्टरने सांगितलं, आणि दुपारी मी डॉक्टरांना गाठलं तेव्हा त्यांनीही तेच सांगितलं. इंदूरच्या एजंटाला कंपनीचा निरोप आलाय: चिप मिळेपर्यंत कार्ड नाही, आणि तारीख देता येत नाही. तिसरं मशीन दिवाळीआधीच बंद पडलं होतं. म्हणजे आता सगळ्या वॉर्डला एकच.

तिकडे तैवानात थंडी सुरू झाली असेल. तू पाठवलेला स्वेटर आई इथे घरातच घालून बसते. फोनवर बोलताना ती शेजारी असते आणि कान माझ्याकडेच असतो, म्हणून हे लिहून मेल करतेय.

तू कुरिअरने पाठवलेली चिप पोचली. मशीन दुरुस्त करणाऱ्या इंजिनीअरने ती लावली नाही. म्हणाला, ज्या मशीनमधून माणसाचं रक्त फिरतं त्यात कंपनीने न तपासलेला भाग मी बसवणार नाही. त्याच्यावर चिडू नकोस. मी चिडले होते, पण घरी येईपर्यंत मला तो बरोबर वाटायला लागला.

तू म्हणाला होतास, ही काही भारीतली चिप नाही, जुनी आणि स्वस्त आहे. भारी चिपांसाठी मोठे देश भांडतात. एक देश एखादा माल अडवतो, उत्तर म्हणून दुसरा देश आपला माल अडवतो, आणि मधल्यामध्ये ही अडकते. मी वर्गात नकाशावर ते देश दाखवते. मुलं विचारतात, "मॅडम, युद्ध होणार का?" मी नाही म्हणते. हल्ली तेवढंही म्हणताना अडखळते.

खंडव्याला विचारलं, तिथे नवीन पेशंट घेत नाहीत. भुसावळला एकदा घेऊन गेले, तर परतीच्या रस्त्यात आईचा रक्तदाब इतका उतरला की डॉक्टरांनी तो प्रवासच बंद केला.

आता पाळ्यांचं सांगते. एकाच मशीनवर भागवायचं म्हणून डॉक्टरांनी सगळ्यांच्या पाळ्या कमी केल्या. मागच्या मंगळवारी आईची होती, बुधवारी भिकनची. भिकन म्हणजे शाहपूरकडचा, केळीचे ट्रक भरणारा, तिशीतला. त्याची बायको लहान मुलीला घेऊन बाहेर बसते. मंगळवारी तो आला तोच धापा टाकत. आई पलंगावरून उतरली.

"तू झोप रे इथं."

"मावशी, आज तुमचा नंबर है ना."

"मले नको शिकवू. विहिरीचं पाणी कमी पडलं तं पहिलं कोनाच्या बागेला सोडतात?"

भिकन हसला. "निसवली तिला."

"मंग? तुही बाग आत्ता निसवली. माही कापून झाली."

रंजिता ओरडली, "काकी, ये खेत नहीं है, अस्पताल है!"

"माहीत आहे मले. खेतात पंखा कुठं राहते!"

मामाच्या विहिरीवर असंच चालायचं, आठवतं ना? ज्या केळीचा घड नुकता बाहेर पडलाय तिचं पाणी चुकवायचं नाही, कापणी झालेल्या बागेने थांबायचं. त्यावरून कधी भांडण झालं नाही.

वॉर्डात सगळे हसले. मीही हसले. मला वाटलं, अदलाबदल आहे, बुधवारी भिकनच्या जागी आई जाईल. बुधवारी ती उठलीच नाही. म्हणाली, "त्या पोराचं एका पाळीत भागत नाही. सोडलेलं पाणी कोणी परत मागते का?" डॉक्टर घरी येऊन समजावून गेले. तिने सगळं ऐकून घेतलं, त्यांना चहा द्यायला लावला आणि मग सांगितलं, माझ्या जागेवर त्यालाच घेत जा.

तू फोनवर विचारलंस, आवाज असा का येतोय. मी सर्दी म्हणाले. सर्दी नाही. पायांवर सूज आहे, आडवं झालं की श्वास लागतो, म्हणून ती उशांना टेकून बसूनच असते.

काल तिने केळं मागितलं.

डायलिसिस सुरू झाल्यापासून तिला केळं बंद आहे. बऱ्हाणपुरात राहून केळं बंद, यावरून ती आल्यागेल्याला हसवायची. केळ्यातल्या पोटॅशियमने हृदयाला काय होतं ते डॉक्टरांनी मला नीट सांगितलेलं आहे. मी सोलून दिलं. तिने अर्धं खाल्लं, उरलेलं माझ्यापुढे धरलं आणि म्हणाली, "शाहपूरचं नाही हे."

तुला काही कळवू नको असं तिने बजावलंय. "त्याची नोकरी त्या चिपांचीच आहे, जन्मभर मनाला लावून घेईल." गौरव, तू तिथे काम करतोस, बंदी तू घातलेली नाहीस. हे वाक्य पुढे तुला लागेल, म्हणून लिहून ठेवतेय.

डॉक्टर म्हणतात, आठवडा, कदाचित तेवढाही नाही. सोमवारी सकाळी भिकन तिच्या पाळीला जाईल. जाताना त्याने घरावरून जावं असं तिने सांगून ठेवलंय, मुलीला घेऊन. तू उद्या निघालास तर मंगळवारी पोचशील. स्टेशनवर माझी वाट पाहू नकोस, मी तिला सोडून येणार नाही. रिक्षा कर आणि लवकर ये. पण मी तिथे उभी दिसले, तर मग घाई करू नकोस. आपण दोघं चालत घरी जाऊ.

तुझी,
गायत्रीताई