तिथीची पाऊणपट

गुरुवार, चतुर्दशी. संध्याकाळ.

आज बायकांच्या वर्गातून नाव काढायलाच गेलेले. गणित आपल्याच्यानं होत नाही. चौथीत गुरुजी मला दगड म्हणाले, तेच खरं धरून चाललेले इतकी वर्षं.

मी तोंड उघडायच्या आधीच मॅडमनी विचारलं, "सुमनताई, परवा कुठे होतात?"

"खाडीवर, कालवं काढायला. द्वादशी होती ना, दुपारी ओहोटी."

"हे कसं कळतं?"

"तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. बारा पाऊण नऊ. नऊला भरती, मग सहा तासांनी ओहोटी. आमची कोलशेतची खाडी आत, म्हणून अर्धा तास वर धरायचा. आईनं शिकवलंय."

मॅडमनी स्वतःची वही काढली आणि माझं बोलणं लिहून घेतलं. म्हणाल्या, "अहो, हाच तो अपूर्णांकांचा गुणाकार. सोमवारी अडलात तोच!"

मागून शकू, माझी चौथीतली सोबतीण, ओरडली, "अगं, दगड तरंगला!" सगळ्या हसल्या. मला मेलीला रडू आलं.

नाव काढलं नाही. पण घरी आल्यापासून चिडलेय. कोणावर? मॅडमनी वहीत लिहून घेतलं, ते डोळ्यांपुढून हलत नाही. माझ्या आईचं गणित, शिकलेल्या बाईच्या वहीत.

आणि मी काय केलं? आई शेवटच्या आजारात होती, डॉक्टर तिला काहीतरी विचारत होते. मी मध्येच म्हटलं, "तिला काय विचारता, ती अडाणी आहे."

ती जागी होती. ऐकत होती.