मरळीच्या जागा

बाबा, तुम्ही गेल्यावर तुमची वही मी मशीनमध्ये घातली. अड्याळच्या आपल्या मच्छीमार संस्थेच्या ऑफिसात एक जुना कॉम्प्युटर पडून होता, त्यावर मी एआय एजंट बसवला. म्हणजे असा प्रोग्राम, की सभासदांनी फोनवर काही विचारलं तर तो संस्थेच्या कागदांत शोधून उत्तर देतो, निरोपही स्वतःच धाडतो. बाहेरच्या कंपनीकडे काही जात नाही, सगळं आपल्याच खोलीत राहतं. तेवढ्यासाठीच तर ही उठाठेव. आपल्या तलावाची माहिती गावाबाहेर जायला नको होती. दोनदा इन्स्टॉल फसलं, तिसऱ्यांदा चाललं. तुमचे मासेमारीतले जोडीदार काका आता संस्थेचे अध्यक्ष आहेत. ते म्हणाले, "बापाच्याई वरतं निंगाली पोरगी." मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आषाढात लाल पिलांचा थवा घेऊन मरळ कुठं कुठं थांबते, त्या जागा तुम्ही वहीत लिहून ठेवल्या होत्या. तिथं जाळं टाकायचं नाही म्हणून. आठवीत असताना मी अशी एक जागा मैत्रिणीच्या भावाला सांगून टाकली. तुम्ही चुलीपाशी जाळं सांधत बसला आहात, मान वर न करता म्हणता, "काहून सांगतलं वं? पिलावाली मरळ जागा सोडत नाही, तिले कोनीबी मारते." मी जेवले नाही त्या दिवशी. एका माशापायी एवढं काय, असा राग आला होता तुमचा.

यंदा एका नव्या सभासदानं ग्रुपवर विचारलं, "मरळ कुठी भेटन?" एजंटनं वही वाचली आणि सगळ्या जागा ग्रुपवर टाकून दिल्या. जाळं टाकू नका, असं तुम्ही कुठंच लिहिलेलं नव्हतं. आपल्यात ते लिहावं लागत नव्हतं. दुपारपर्यंत नाल्याच्या तोंडाशी तीन जाळी पडली. मी तलावाच्या पाळीवर, बांधावर गेले तेव्हा पिलं एकटीच फिरत होती आणि दुसरे मासे त्यांना टिपत होते.

सभेत सगळे म्हणाले, मशीन बिघडली. काकांनी उलट मलाच धीर दिला, "तुयी काय चूक त्यात? मशीनच हाय थे." मी होकाराची मान हलवली.

तुम्ही वाचणार नाही, म्हणून तुम्हाला सांगते. मशीन बिघडली नव्हती. बसवतानाच तिनं विचारलं होतं, निरोप धाडण्याआधी माणसाला दाखवू का? दर वेळी कोण बघत बसणार, म्हणून मी "नको" निवडलं. आता ते बदललं आहे, मशीनमधून वहीही काढून टाकली आहे. पुढच्या सभेत उभं राहून खरं सांगायचं, असं ठरवलं होतं मी. ती सभा काल झाली. मी सगळ्यांना चहा दिला आणि घरी आले.