हौदापाशी वळेल सरपंच

आई,

तुझ्या आन्सेल्मचा तुला आणि आजोबांना नमस्कार. मी धडधाकट आहे. मोजे उबदार आहेत. शेळी व्याली का?

काल लेओंतीनचा नवरा फिर्मँ खंदकात माझ्याशेजारीच गोळी लागून गेला. शेवटपर्यंत थट्टा चालू होती: "माझी बातमी घेऊन आपला सरपंच धापा टाकत चढणार रे! म्हाताऱ्याला वाईनचा पेला द्या म्हणावं."

तेव्हा सरपंच आता सरपंचकीचा तिरंगी पट्टा बांधून पुलावरून वर येईल. आजोबांच्या लढाईतही मेलेल्यांची बातमी याच एका चढानं घरोघर गेली होती. तू घाबरू नकोस. तो धुण्याच्या हौदापाशी लेओंतीनच्या दाराकडे वळेल.

तोवर तिला काही सांगू नकोस. "तुझा पोरगा भित्रा, म्हणून जगलाय," असं ती हौदावर चारचौघींत बोलली, असं तू लिहिलंस ना? बोलू दे. हसू दे. तू शेजारी बसून कपडे धू आणि तिच्याकडं बघत राहा.

हौदाच्या वर, रानाच्या कडेला, आपलं एकच घर आहे. सरपंच हौदापाशी वळला नाही आणि तसाच वर चालत राहिला, तर मात्र आजोबांना आधी आत ने.

तुझाच,
आन्सेल्म