सातच्या पोटातली रेघ

५ जुलै, रविवार

माझ्या खुर्चीत बसला होता! मी दादाकडे पोचले तर खिडकीजवळच्या खुर्चीत, स्पीकरच्या बरोबर समोर, पाय पसरून — तो लिफ्टवाला. मला बघून उठला, नाही असं नाही. "बसा ना ताई." पण दादाच म्हणाला, "असू दे रे, बस तू. तिला कुठलीही चालते."

कुठलीही चालते! इतकी वर्षं दर रविवारी सकाळी मी त्याच खुर्चीत बसून ऐकतेय. दोन स्पीकर, समोर दोन खुर्च्या. एक दादाची, एक माझी. तिसरी कधी लागलीच नाही. आज स्वयंपाकघरातलं स्टूल ओढून कोपऱ्यात बसले. तिथून एकच स्पीकर ऐकू येतो. ट्रंपेटवाले सगळे पलीकडे, माझ्या वाट्याला नुसते ड्रम.

चहा देताना वहिनी कानाशी लागली, "वन्सं, तोंड केवढं फुगलंय बघा आरशात." एरवी नावाने हाक मारते. चिडवायचं असलं की वन्सं.

६ जुलै

हा मनुष्य आला कुठून? तर लिफ्टमधून! खरंच. दादाच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली होती, हा दुरुस्तीला आला होता. वरच्या मजल्यावरून दादाची रेकॉर्ड ऐकू येत होती. काम अर्धवट टाकून, हात पुसत दाराशी येऊन उभा राहिला — "हे काय लावलंय हो?" झालं! दादा पाघळला. आता म्हणे दर रविवारी स्वारी हजर राहणार. दादा त्याचं असं कौतुक करतो की मी त्याचं नाव जावईबापू ठेवलंय. (दादाला मुलगी नाही. तरी!)

मला ते "हे काय लावलंय" विचारायची वेळच आली नाही कधी. मी शाळेत होते तेव्हापासून लावलेलंच होतं. दादाने सोलची, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या गायकांच्या गाण्यांची, पहिली रेकॉर्ड घरी आणली तेव्हा गाण्यातला एक शब्द कळत नव्हता. बाबा आतून ओरडले, "कोण ही घोगरी केकाटतेय?" तेव्हापासून त्या गायिकेचं नाव आमच्यात घोगरीच. आम्ही दोघं दार लावून, आवाज बारीक करून ऐकायचो. आईबाबा गेले, दादाचं लग्न झालं, माझं राहिलं, पण रविवार चुकला नाही. मला दुसरं आहे काय? दातांची लॅब आणि रविवार.

९ जुलै

दिवसभर एका आजोबांची कवळी. मेणात दात बसवताना डोक्यात तेच — कुठलीही चालते.

१२ जुलै, रविवार

स्टूल.

दादा जावईबापूंना आमचं सगळं शिकवत होता. आमचं! एकच गाणं देशोदेशी वेगळं कसं निघतं ते. मूळ कंपनी टेप पाठवून द्यायची आणि तिकडचे कारखाने आपापल्या अकलेने रेकॉर्डी काढायचे. एका देशातला माणूस गाणं संपायच्या आधीच आवाज विझवून टाकायचा. दुसरीकडे बास, म्हणजे खर्जातला आवाज, कापायचे, स्वस्तातल्या प्लेअरवर सुई उडू नये म्हणून. एका कारखान्याने तर दोन्ही बाजूंची लेबलं उलटी लावली, म्हणजे नाव वाचून जे लावाल त्याच्या नेमकं दुसरंच वाजणार. तो आवाज विझवणारा, त्याला घरी जायची घाई असणार म्हणून 'घाईवाले काका' हे नाव मी ठेवलं होतं. मी! आज दादाने ते स्वतःचंच असल्यासारखं सांगितलं आणि जावईबापू पोट धरून हसले. मी पण हसले. काय करणार?

मग दादाने त्याला 'ती' पण सांगून टाकली. घोगरीची ती छोटी रेकॉर्ड, परदेशात निघालेली. तिकडच्या कारखान्याला चुकून भलतीच टेप गेली, नापास केलेली. तिच्यात मागच्या बाजूच्या गाण्यात ट्रंपेटवाला आधीच घुसतो आणि घोगरी गाता गाता फस्सकन हसते. हसतच ओळ पुरी करते. थोड्या रेकॉर्डी निघाल्यावर कुणाच्या तरी ध्यानात आलं, मग बरोबर टेपवरून पुन्हा काढल्या. लेबल दोन्हींचं अगदी सारखं. फरक एकच. लेबल आणि शेवटची खाच यांच्यामध्ये गुळगुळीत काळा पट्टा असतो, तिथे कारखान्यातल्या माणसाने हाताने आकडे कोरलेले असतात. हसण्याच्या रेकॉर्डवर सातच्या पोटात आडवी रेघ आहे, दुसरीवर नाही.

ते हसणं आम्ही दोघांनी कधी ऐकलेलं नाही. नुसतं वाचलंय. जिथे जाईन तिथे मी रेकॉर्ड तिरकी धरून आधी सातच बघते. आमच्या दोघांत एवढं एकच गुपित उरलं होतं. आता तिघांत.

१९ जुलै, रविवार

आणली त्याने.

काल-परवा ऐकायला लागलेला माणूस! म्हणे फोनवर शोधली, परदेशातल्या कुणा विक्रेत्याकडे होती, मागवली. एवढं सोपं. "दादा, तुमच्यासाठी लावू?" म्हणाला आणि पाकिटातून काढली. सातच्या पोटात रेघ. मला स्टुलावरूनही दिसली.

घोगरी हसली. मी आयुष्यभर वाट बघितलेलं हसू. कसं सांगू? कुणीतरी मागून गुदगुल्या केल्यासारखं, आणि तरी सूर सोडत नाही बाई. दादाने मान मागे टाकली होती. गाणं संपल्यावर त्याने हात कुणाच्या खांद्यावर ठेवला? शेजारच्या खुर्चीतल्या. साहजिकच आहे. स्टूल लांब आहे.

मला रडू यायला हवं होतं. आलंच, पण ते गाण्याचं नव्हतं.

२० जुलै

आयत्या बिळावर नागोबा!!

२१ जुलै

काम बिघडवलं. एका बाईच्या पुढच्या दाताची कॅप, रंग चुकला. डॉक्टरांनी परत पाठवली, "हा दात तिचा नाही, घोड्याचा वाटतोय." माझं असं कधी होत नाही. लॅबमधल्या पोरी एकमेकींकडे बघत होत्या.

मला राग कसला येतोय ते मला माहीत आहे. रेकॉर्ड त्याला मिळाली याचा येतोय, पण तो थोडा. जास्त याचा, की ती दादाला मी द्यायची होती. कशी द्यायची तेही ठरलेलं होतं. काही न बोलता प्लेअरवर ठेवायची आणि त्याचं तोंड बघायचं. ते तोंड जावईबापूंनी बघितलं. मला पाठ दिसली.

२६ जुलै, रविवार

स्वयंपाकघरातला ड्रॉवर अडकला होता. वहिनीने जावईबापूंना आत बोलावलं. दादा फोनवर. रेकॉर्ड प्लेअरवर तशीच. मी उचलली, खिडकीशी नेली, पर्समधून भिंग काढलं. का काढलं? तिला हात लावायचा होता फक्त. देवाशप्पथ.

आणि दिसलं!

हाताने कोरलेली रेघ कशी असते? टोचा टेकतो तिथे जाड, सुटतो तिथे बारीक. कुठे घसरलेली. माणसाचा हात आहे तो. इथे सगळे आकडे एका मापाचे, एका खोलीचे, आणि सातच्या पोटातली रेघ तर अशी की पट्टी ठेवून ओढलीय. नक्कल आहे! नंतर कधीतरी कुणीतरी काढलेली, भोळ्या गिऱ्हाइकांसाठी. दिवसभर खोटे दात करते मी — खोटं मला कुणी शिकवू नये.

मनात उकळ्या फुटत होत्या. जागच्या जागी ठेवून दिली आणि स्टुलावर येऊन बसले. वहिनी म्हणाली, "काय गं, आज चेहरा खुललाय?" नाव नाही, वन्सं नाही, नुसतं गं. मी म्हटलं, छान गाणं आहे.

२८ जुलै

गप्प बसावं. शहाण्या माणसाने मूग गिळावेत.

२९ जुलै

नाही बसणार.

२ ऑगस्ट, रविवार

सांगितलं. सगळ्यांसमोर.

जावईबापू रेकॉर्ड पुसत होते, नवीन बाळाला पुसतात तशी. मी म्हटलं, "बघू जरा." भिंग काढलं. आधीच सगळं माहीत असून नव्याने बघितल्यासारखं केलं, भुवया उंचावल्या, च् च् केलं. "अहो, ही नक्कल आहे. फसवलं तुम्हाला." आणि मग समजावलं. हात कसा असतो, टोचा कसा सुटतो, सगळं. फार छान समजावलं मी. मलाच माझा आवाज गोड वाटत होता.

त्याने रेकॉर्डकडे बघितलं, मग दादाकडे. कान लाल. "असं होय," म्हणाला. "मला काय कळतंय." पाकिटात घालायला गेला तर ती आत जाईना. चहा न घेताच निघाला. कधी नव्हे ती लिफ्ट चालू होती, तरी जिन्याने उतरला.

मी खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले.

दादा म्हणाला, "मला माहीत होतं."

"काय?"

"नक्कल आहे ते. पहिल्याच रविवारी कळलं. घोगरी हसते त्याच्या जरा आधी टिक् होतं. रेकॉर्ड कोरी करकरीत, मग ओरखडा आला कुठून? कुणीतरी जुनी रेकॉर्ड वाजवून तिच्यावरून उतरवलीय."

"मग बोलला का नाहीस?"

"कशाला? हसू तर तिचंच आहे ना. आणि तो किती खुशीत होता."

"आणि मी मूर्ख? मी इतकी वर्षं शोधतेय ते?"

तो प्लेअरचं झाकण लावत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "तो मला ऐकवायला आणतो गं. तू हल्ली तपासायला येतेस."

वहिनी टेबलावरचे कप उचलत होती. ते घेऊन आत गेली. वन्सं तरी म्हणायचं!

३ ऑगस्ट

हात दाखवून अवलक्षण.

९ ऑगस्ट, रविवार

जावईबापू आले नाहीत. खुर्ची माझी. दोन्ही स्पीकर माझे. दादाने एकेक रेकॉर्ड लावली, मी चांगली चांगली म्हटलं. मध्येच तो जिन्यावरच्या पावलांकडे कान देत होता. वरच्या मजल्याचे लोक होते.

समोर असताना निम्मा दादा न्यायचा. आता न येऊन सगळाच नेला. आणि माझी जळजळ काही थांबत नाही. रिकाम्या स्टुलावर कुणी जळतं का? मी जळतेय!

१६ ऑगस्ट, रविवार

डोकं दुखतंय असा फोन केला. दादा म्हणाला, "बरं." विचारलं पण नाही फार दुखतंय का.

२० ऑगस्ट

लॅबच्या दारात जावईबापू! कामाच्या कपड्यात, काखेत चौकोनी पिशवी. मला वाटलं भांडायला आला. मी हातातला साचा खाली ठेवला, मनात तयारी केली — चुकलंच माझं वगैरे. तो म्हणाला, "ताई, जेवणाची सुट्टी कधी असते तुमची?"

खिडकीशी बसलो. त्याने पिशवीतून ती नक्कल काढली, आणि आणखी दहा-बारा, त्याच्याकडच्या सगळ्या. "मला वाचायला शिकवा," म्हणाला. "ते आकडे."

मी म्हटलं, दादाला विचारायचं ना. तर मान हलवली. "लाज वाटते. ते सगळं कानाने ओळखतात. मला नाही जमायचं ते, दिवसभर मोटारींच्या घरघरीत असतो मी. तुमचं निदान डोळ्यांना दिसतं." मग जरा थांबून, "त्या दिवशी तुम्ही सांगितलंत ते बरंच केलंत. फक्त चहाच्या नंतर सांगितलं असतंत तर चहा तरी मिळाला असता."

मी हसले. खरंखुरं. मग भिंग त्याच्या हातात दिलं. टोचा कुठे टेकला, कुठे सुटला, एकाच माणसाचा हात दोन रेकॉर्डींवर कसा ओळखायचा. त्याला पटकन दिसतं! एका साध्या रेकॉर्डवर आकड्यांशेजारी कुणीतरी बारीकसं फूल कोरलेलं निघालं. कारखान्यातल्या कुणाचं तरी रिकामपण. ते मला आजवर कधी दिसलं नव्हतं, त्याला दिसलं. सुट्टी केव्हाच संपली होती. मालकीणबाई दोनदा डोकावून गेल्या.

मला असं कुणी कधी विचारलंच नव्हतं. शिकवा म्हणून. दादाने मला शिकवलं, मी कुणाला?

२३ ऑगस्ट, रविवार

दादाकडे गेले. जावईबापू पण आले, मी ओढून आणलं. दादाने काही विचारलं नाही, पण घाईवाले काकांची रेकॉर्ड लावली आणि "हे नाव हिने ठेवलंय बरं का" असं सांगितलं. वहिनीने माझ्या पाठीत हळूच चापटी मारली. स्टुलावर मी बसले. आपणहून.

२९ ऑगस्ट

जावईबापूंबरोबर जुन्या बाजारात. कुणाच्या तरी माळ्यावरून आलेली खोकी, सगळी आम्ही उपसली. हाताला आल्या लष्करी बँडच्या धुना, व्यायामाच्या रेकॉर्डी, आणि एक पोपटांना बोलायला शिकवायची. सातच्या पोटात रेघ कुठेही नाही! धुळीने शिंकून बेजार. पोपटाची विकत घेतली दोघांत. इतकी हसले की पोट दुखलं. येताना त्याने मला रेकॉर्ड तिरकी धरून दाखवली, "ताई, हा मशीनचा, बरोबर?" बरोबर!

३१ ऑगस्ट

सकाळी सकाळी दादाचा फोन. कशी आहेस नाही, काही नाही, एकदम — "तुम्ही दोघं शनिवारी बाजारात गेला होतात म्हणे. मला एक शब्द विचारावासा नाही वाटला?" आणि ठेवून दिला. आपटून!