चिमाला भरवलेला पेढा

रत्नागिरी
१८ मे १९८६

वृंदा,

काल तुझ्या अण्णांनी आमच्याकडे पेढे आणले आणि त्यातला एक चिमाला भरवला, त्या क्षणी माझं सगळं बदललं. पेढा तुझ्या साखरपुड्याचा, हे मला त्यानंतर कळलं.

"अण्णा, तिला मधुमेह आहे!" मी ओरडलो.

"मेल्या, मांजराला कसला मधुमेह? शुभकार्यात मुक्या जिवाचंही तोंड गोड करावं. कॉलेज सोडून तिला सुया टोचत बसलास, हाच खरा रोग!"

मुंबईला जाताना "दोन महिने सांभाळ" म्हणत तूच ती माझ्याकडे दिलीस ना? वर्ष झालं. रोज दोनदा उकडलेली मांदेली, मग इन्सुलिन. बी.एस्सी. अर्धवट टाकली, तरी साखरेची चाचणी मला येते. निळ्या द्रावणात तिची लघवी घालून उकळलं की गेला महिनाभर ते निळंच राहायचं, म्हणजे साखर नाही. आज विटकरी झालं, म्हणजे साखर भरपूर! चिमा पाण्याच्या वाटीपासून हलत नाही.

लग्न कर, खुशाल कर. पण तुला एक पोस्टकार्ड टाकवलं नाही?

तिला टोपलीत घालून तुमच्या ओटीवर सोडणार होतो. पण तिथे आता लाडू वळतील आणि येणारा-जाणारा तिला भरवील. म्हणून ती माझ्याकडेच राहणार. तू मागितलीस तरी देणार नाही.

हे पत्र पेटीत टाकणार नाही. वाचून तुला वाटेल, मी रडलो.

उरलेले पेढे अण्णांच्या हातात परत ठेवायला निघालोय. चिमा आत आहे. दार बाहेरून घट्ट ओढून घेतो, शेजारीही तुझे पेढे पोचलेत.

दिगंबर