पाहुण्यांसाठी टँकर

१२ फेब्रुवारी

चि. भाऊस अनेक आशीर्वाद.

पलीकडची खडीची खाण आता आमच्या कुंपणापर्यंत येणार म्हणे. परवानगीआधी तुमची पालिका पर्यावरण तपासणी करणार आहे, तेव्हा साहेब, या एकदाचे! ट्रक गेला की घास कचकचतो. तुझे भाऊजी दुरुस्तीला घड्याळ उघडून बसले की नेमका खोकला येतो, स्क्रू उडतो आणि मग आम्ही दोघं जमिनीवर रांगत शोधतो. हसू नकोस. डॉक्टर म्हणाले, धूळ वाढली तर फुप्फुसं साथ देणार नाहीत. मला फार भीती वाटते रे.

सवड काढून लिही.
तुझी ताई


१९ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

सख्ख्या बहिणीचं घर म्हणून मीच या तपासणीतून अंग काढून घेतलं. उद्या कुणी बोट दाखवायला नको. गुरुवारी आमच्या कार्यालयातल्या बाई आणि एक तंत्रज्ञ येतील, तुझ्या अंगणात दिवसभर धूळ मोजायचं यंत्र ठेवतील. आपलं नातं सांगू नकोस. तक्रारींचा पाढाही वाचू नकोस, यंत्रालाच बोलू दे. आणि बूट घालून आत आले म्हणून त्यांना रागावू नकोस, मी ओळखतो तुला!

भाऊजींना धीर धरायला सांग. माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुझा भाऊ


२८ फेब्रुवारी

चि. भाऊस आशीर्वाद.

तुझी माणसं येऊन गेली. नातं सांगितलं नाही, पण तुझी मान खाली जाऊ दिली नाही. आदल्या दिवशी मी आणि शेजारणीने अंगण धुतलं, झाडांची पानं न् पानं पुसली. रस्त्याचं काय करायचं? शेवटी खाणीच्या मुकादमाकडे गेले, पाहुणे येणार आहेत, एवढं पाणी मारून दे म्हटलं. पहिल्यांदाच माणसासारखा वागला. सकाळी एक, दुपारी एक, असे दोन टँकर ओतले आणि हसत हसत वर विचारलं, आणखी हवाय का. तुमच्या बाई म्हणाल्या, किती स्वच्छ ठेवलंय सगळं!

त्या रात्री तुझे भाऊजी शांत झोपले. आता आकडे काय बोलतात ते लवकर कळव.
तुझी ताई


२१ मार्च

ती. ताईस नमस्कार.

अहवाल आला. धूळ मर्यादेच्या खूप खाली. बाईंना वाटलं, खाणवाले रोजच पाणी मारतात, तसंच लिहिलंय त्यांनी. ताई, हे काय करून बसलीस? नाही, चूक माझी. तू अंगण झाडल्याशिवाय कुणाला उंबरा ओलांडू देत नाहीस हे मला माहीत होतं, मी सांगायला हवं होतं.

एकच वाट आहे. पुढच्या महिन्यात सुनावणी आहे, तिथे उठून खरं सांग आणि पुन्हा मोजायला लाव. भाऊजींना घेऊन ये. त्यांचा खोकला समितीला ऐकू दे.

रागावू नकोस माझ्यावर.
तुझा भाऊ


३० एप्रिल

चि. भाऊस आशीर्वाद.

सुनावणीत तू मागच्या बाकावर मान खाली घालून बसला होतास, म्हणून सगळं दिसलं नसेल. मी टँकरचं सांगितलं तर मुकादम उठून म्हणाला, या बाईंनीच पाणी मागितलं आणि आम्ही लगेच दिलं, शेजारधर्म आहे. समितीने माना डोलावल्या. मी तुझ्या भाऊजींकडे पाहिलं. एवढ्या मोठ्या माणसांसमोर खोकायचं कसं, म्हणून ते तोंडात रुमाल कोंबून बसले होते. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण आवाज काढला नाही. मला त्यांचा संताप आला आणि रडूही आलं. आम्ही दोघं एकाच मातीचे. घरी आल्यावर ते दारातच कोसळले. रुमाल लाल झाला होता.

पुन्हा मोजणी झालीच नाही, परवानगी मिळाली. आता कुंपणाला लागून खणतात. ते खाटेवर असतात, घड्याळं काचेखाली तशीच पडली आहेत. काल मुकादमाकडे जाऊन हात जोडले, रस्त्यावर पाणी मार म्हटलं. त्याने विचारलं, कुणी पाहुणे येणार आहेत का.

येऊन भेटून जा, लवकर ये. मात्र कळवून येऊ नकोस.
तुझी ताई