एक्केचाळीस गरे

कर्जत,
शनिवार, ता. १२ मे १९३४

तीर्थस्वरूप त्र्यंबकराव भावोजी यांस,

रिवाजाप्रमाणे इथे साष्टांग नमस्कार लिहावयाचा. पण मी खुर्चीवर बसून लिहीत आहे, आणि न घातलेला साष्टांग घातला म्हणून लिहिण्याचे धैर्य अलीकडे माझ्यात उरलेले नाही. तरी लेखणी खाली ठेवून, बसल्याबसल्या जोडलेल्या हातांचा नमस्कार स्वीकारावा. इकडे सर्व क्षेम. पनवेलीस ताईचे गुडघे, मुलांचे अभ्यास आणि तुमचे पोट कसे आहे ते कळवावे. पोटाचे जरा सविस्तर कळवावे.

पोशीरचा चांगो तुम्हांला आठवत असेल. माथेरानास हातरिक्षा ओढीत असे, आणि तुम्हांला बसवून घाट चढल्यावर (तुम्ही तेव्हाही हलके नव्हता) खाली बसून न घेता विडी मागणारा तो एकटाच. दोन वर्षांपूर्वी त्याने पाचशे रुपयांचा आयुष्याचा विमा उतरविला. फॉर्म मी भरला, आणि कंपनीचे डॉक्टर म्हणून खालापूरच्या धर्मशाळेत त्याला तपासलेत तुम्हीच. त्याची जीभ बाहेर काढविलीत, पोटावर बोटांनी ठोकून पाहिलेत आणि ‘प्रकृती उत्तम’ असे लिहिलेत. फॉर्मात ‘मागील पाच वर्षांत काही आजार?’ असा प्रश्न होता. चांगो म्हणाला, "काय नाय, लिवा." मी ‘नाही’ असे लिहिले.

गेल्या मार्गशीर्षात माथेरानास एका साहेबाचे घोडे बुजले आणि त्याची लाथ चांगोच्या छातीत बसली. तासाभरात गेला. त्याची बायको येसूबाई विम्याचा कागद लुगड्याच्या घडीत घालून माझ्याकडे आली. पैसे आले म्हणजे दोन म्हशी घ्यायच्या आणि नेरळच्या हॉटेलांना दूध घालायचे, एवढे तिचे ठरलेले होते. म्हशीही तिने पाहून ठेवल्या होत्या. त्यांतली एक मारकी आहे असे मी सांगितले, तर म्हणाली, "असूं दे, मास्तर. लाथेची भीती आता कुणाला हाय."

मागणीच्या कागदांत मयताच्या परिचित गृहस्थाचा एक दाखला लागतो. ‘मयतास कधीही, कोणताही, लहानमोठा विकार झाल्याचे आपणांस माहीत आहे काय?’ आता, भावोजी, ‘कधीही’ आणि ‘कोणताही’ हे शब्द माझ्यासारख्या माणसापुढे ठेवू नयेत. मी बावीस वर्षे डायरी लिहितो. दोन दिवस शाळेतून आल्यावर डायऱ्या चाळल्या, आणि सापडले: ता. १९ मे १९३१, आमच्या शाळेचा शिपाई हिरू याच्या मुलीच्या लग्नात, पोशीर इथे, जेवणानंतर वरपक्ष आणि वधूपक्ष यांच्यात गरे खाण्याची पैज. वरपक्षाकडून चांगो. गरे एक्केचाळीस. दोन गऱ्यांनी हरला. दिवस मावळेपर्यंत पोट दुखले. (जिंकणाऱ्याचे नाव इथे लिहीत नाही.)

हे लिहावे की न लिहावे यावर मी पुष्कळ विचार केला. पोटदुखी हा विकार की फणसाचा स्वभाव? पण ठरविणारा मी कोण, असे वाटून मी सर्व लिहिले. संख्येसह लिहिले. संख्या दिल्याने प्रामाणिकपणा उठून दिसेल अशी माझी समजूत होती.

कंपनीचे उत्तर तीन आठवड्यांत आले. मयतास पोटाचा जुनाट विकार असून तो त्याने लपविला, सबब विमा रद्द, भरलेले हप्ते जप्त. मी येसूबाईला वाचून दाखविले. तिने कागद माझ्याकडून घेऊन त्याची घडी घातली. मग म्हणाली, "मास्तर, लाथ छातीत बसली, पोटात नाय. मग पोटाचं कशाला इचारतात?" मी कायद्याचा मुद्दा समजावून सांगितला. (मला तो अर्धाच समजला होता.) तिच्याबरोबर तिचा दीर लडकू आला होता. तो ओटीवरूनच म्हणाला, "वैनी, घोड्यानं दादाला मारला, आन् मास्तरानं इमा मारला. चल घरी." येसूबाईने त्याला दटावले, "गप रं. त्यांनी खरं तेच लिवलं." हे तिने माझी बाजू घेऊन म्हटले, त्यामुळे त्या दिवशी मला जेवण गेले नाही. खरे लिहिल्याचे समाधान मी घेतले होते आणि म्हशी तिच्या गेल्या होत्या.

तेव्हापासून मी कंपनीला पाच पत्रे लिहिली. घोड्याने लाथ मारण्यापूर्वी पोटाची चौकशी केली नव्हती, हेही विनयपूर्वक कळविले. काल शेवटचे उत्तर आले: एकदाही असे दुखणे झालेला इसम विम्यास अपात्र होय, असे आमच्या डॉक्टरांचे मत आहे, आणि ते मत बदलल्याशिवाय इलाज नाही.

तुम्हांला त्रास द्यावा असा या पत्राचा हेतू नाही. केवळ मन मोकळे केले. ताईस नमस्कार, मुलांस आशीर्वाद.

आपला,
भालचंद्र

ता. क. उत्तरासोबत डॉक्टरांच्या मताची नक्कल होती. सही तुमची आहे. एवढ्या कामांत पेशंटाचे नाव वाचावयाचे राहिले असेल, असे मी धरून चाललो आहे.

दुसरा ता. क. कंपनीला मी डायरीचे अर्धेच पान कळविले, ही टोचणी मला लागून राहिली आहे. उरलेले अर्धे असे: ‘वधूपक्षाकडे माणूस उरला नाही म्हणून भावोजी बसले. गरे त्रेचाळीस. पैज जिंकली. चार माणसांनी हिरूच्या पडवीत आणून निजविले. हिंग, ओवा, गरम पाणी. दुसऱ्या दिवशीही कण्हत होते.’ पुढच्याच महिन्यातली नोंद: ‘भावोजींनी आपल्याच कंपनीत पाच हजारांचा विमा उतरविला. आजाराच्या रकान्यात ‘नाही’ लिहिले असे म्हणाले.’ पुरे पान सोमवारच्या टपालाने कंपनीला पाठविणे मला भाग आहे. मात्र फणसाची पोटदुखी हा विकारच नव्हे, असे तुमचे मत त्याआधी कंपनीकडे गेले, तर पान पाठविण्याचे कारणच उरत नाही.

तिसरा ता. क. पत्र घेऊन येणाऱ्या लडकूजवळ येसूबाईने तुमच्यासाठी एक कापा फणस दिला आहे. ही लाच नव्हे. पूर्वीच्या विजयाची आठवण ठेवून दिला आहे. किती गरे खाल्लेत ते उलट टपाली कळवावे. डायरीत जागा ठेवली आहे.